'ओढू नका' एवढ्यानं भागत नाही

रिफायनरी असो, रंगाचा कारखाना असो की पेट्रोलचा डेपो, फाटकावरचा फलक दोन गोष्टी हमखास सांगतो. आत धूम्रपानाला सक्त मनाई आहे. आणि आगपेटी, लायटर सुरक्षारक्षकाकडे जमा करायचे आहेत. या दोन ओळी कुणा अधिकाऱ्यानं हौसेखातर लिहिलेल्या नाहीत. हम्फ्री डेव्हीनं १८१५ साली कोळसाखाणीसाठी जाळीचा दिवा तयार केला, तेव्हापासूनच्या दोनशे वर्षांत खाणींनी, गोदामांनी आणि कारखान्यांनी माणसं गमावून हे शहाणपण मिळवलं आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र या दोन्ही ओळींच्या फटीतून सहज आत शिरणारी एक वस्तू आली, ती म्हणजे व्हेप किंवा ई-सिगारेट. ती वापरणारा म्हणतो, मी काही जाळत नाही, त्यामुळे धूर नाही. आणि पेटवायचंच नाही तर आगपेटी कशाला लागेल? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि पंचाईत तिथंच आहे. सिगारेटचा धोका ती पेटवण्यात आणि ओढण्यात असतो. पाकिटात पडून राहिलेली सिगारेट कुणाचं काही बिघडवत नाही. व्हेपचा धोका ती जवळ असण्यातच आहे, मग ती कुणी ओढो वा न ओढो. म्हणून जिथं ज्वलनशील वायू, वाफा, धूळ किंवा स्फोटकं हाताळली जातात तिथं 'ओढू नका' हा नियम अपुरा पडतो. 'आणू नका' हाच नियम हवा, आणि तो फाटकापासूनच हवा. हे म्हणणं प्रथमदर्शनी टोकाचं वाटेल. त्यामुळे पुरावे आणि आक्षेप दोन्ही नीट तपासून पाहू.

वापरून फेकायची साधी व्हेप उघडली तर आत फार काही नसतं. एक छोटा लिथियम-आयन सेल, एक चपटा गोल सेन्सर, आणि द्रवात भिजलेल्या वातीभोवती गुंडाळलेली बारीक तार. द्रव म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि वासासाठी घातलेले पदार्थ. बहुतेक अशा व्हेपना चालू-बंदचं बटणच नसतं. तोंडानं ओढलं की आतल्या हवेचा दाब किंचित उतरतो, सेन्सरला तो कळतो आणि सेलमधला प्रवाह तारेत सुटतो. तार तापते, द्रवाची वाफ होते, ती बाहेर येताना थंड होऊन पांढऱ्या ढगासारखी दिसते. हा ढग स्वतः पेट घेत नाही. त्याबद्दलची भीती निराधार आहे. वात ओली असेपर्यंत तार साधारण दोनशे-तीनशे अंश सेल्सियसपर्यंत जाते, कारण द्रव उकळताना उष्णता शोषून घेतो. द्रव संपत आला, वात कोरडी पडली की मात्र हा लगाम सुटतो. प्रयोगशाळेत कोरड्या कॉइलचं तापमान हजार अंशांच्या आसपास गेलेलं मोजलं गेलं आहे. म्हणजे वापरणाऱ्याला 'करपल्याची चव' लागते तेव्हा उघडी तार लाल होण्याच्या वाटेवर असू शकते. शिवाय ही तार बंद पेटीत नाही. हवा तिच्यावरून वाहावी म्हणूनच ते यंत्र बनवलेलं आहे, आणि त्या हवेत पेट्रोलची वाफ किंवा सॉल्व्हंट असेल तर तेही त्याच तारेवरून जाणार.

आता समोरची बाजू पाहू, म्हणजे वातावरणाची. वायू किंवा वाफ पेटायला दोन वाटा असतात: पुरेशा ऊर्जेची ठिणगी, नाहीतर पुरेसा तापलेला पृष्ठभाग. ठिणगीचं गणित अंगावर येणारं आहे. मिथेन आणि हवेचं योग्य मिश्रण पेटवायला सुमारे ०.२८ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. हायड्रोजनला आणि ॲसिटिलीनला तर ०.०२ मिलिज्यूलच्या आसपास. सिंथेटिक कपडे घालून खुर्चीतून उठताना बोटाला जो चटका बसतो, त्यात याहून कितीतरी जास्त ऊर्जा असते. पाचशे मिलिॲम्पिअर-तासांच्या छोट्या व्हेपच्या सेलमध्ये साडेसहा हजार ज्यूलहून अधिक ऊर्जा साठवलेली असते, म्हणजे मिथेन पेटवण्याच्या गरजेच्या दोन कोटींहून जास्त पट. ती सगळी एकाच ठिणगीतून बाहेर पडत नाही हे खरं; पण तिचा क्षुल्लक अंशही पुरेसा आहे. तापलेल्या पृष्ठभागाचं गणित पदार्थागणिक बदलतं. व्हिस्कोस रेयॉनसाठी लागणारा कार्बन डायसल्फाइड शंभर अंशांच्या आतबाहेर आपोआप पेट घेतो, डायइथाइल ईथर एकशे सत्तरच्या आसपास. सोयाबीनचं तेल काढणारे सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनचे कारखाने विदर्भ-मराठवाड्यात बरेच आहेत. तिथं वापरला जाणारा हेक्झेन सव्वादोनशे अंशांच्या सुमारास पेटतो. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत तयार होणाऱ्या इथेनॉलला त्या मानानं जास्त, ३६० अंशांच्या वर तापमान लागतं, पण त्याच्या वाफा जेमतेम १३ अंशांनाच पेटण्याजोग्या प्रमाणात निघू लागतात. महाराष्ट्रात एवढी थंडी असणारे दिवस किती?

म्हणूनच अशा ठिकाणी टॉर्चपासून वॉकीटॉकीपर्यंत प्रत्येक विजेची वस्तू तपासून, प्रमाणपत्र घेऊन मगच आत जाते. आपल्याकडे त्यासाठी केंद्र सरकारची पेसो, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संस्था आहे, आणि तिचं मुख्यालय नागपुरात आहे. उपकरणाचा पृष्ठभाग जास्तीत जास्त किती तापू शकतो यावरून त्याला टी-१ ते टी-६ असा वर्ग मिळतो: टी-३ म्हणजे २०० अंशांपर्यंत, टी-४ म्हणजे १३५, टी-६ म्हणजे ८५. काही अतिलहान सुट्या भागांना मानकात थोडी सवलत आहे, पण ती चाचणीनंतर मिळते, गृहीत धरायची नसते. या चौकटीत व्हेप बसवून पाहा. तिचं कामच मुळी उघड्या हवेतली तार दोनशे अंशांपलीकडे नेण्याचं. टॉर्च फ्लेमप्रूफ करता येते, कारण प्रकाश काचेतून बाहेर येतो आणि ठिणगी आत कोंडता येते. व्हेपची तार कोंडली तर वाफ तोंडात येणार कुठून? 'फ्लेमप्रूफ व्हेप' कधीकाळी निघेल ही आशा त्यामुळे सोडून द्यावी.

सेल एवढासा आहे, व्होल्टेज चारच्या आसपास, एवढ्यानं काय होणार, असा एक आक्षेप नेहमी येतो. त्याला खाणींच्या इतिहासानं फार महाग उत्तर दिलेलं आहे. वेल्समधल्या सेंगेनिथ इथल्या कोळसाखाणीत १४ ऑक्टोबर १९१३ रोजी स्फोट झाला आणि ४३९ खाणकामगार मेले. नेमकी ठिणगी कुठली हे शेवटपर्यंत निर्विवाद ठरलं नाही, पण संशय गेला तो खाणीतल्या इशाऱ्याच्या घंटीवर. बॅटरीवर चालणारी घंटी आणि तिच्या उघड्या तारा. दोन तारा एकमेकींना टेकवल्या की घंटी वाजायची, सोडल्या की बारीक ठिणगी उडायची. कमी व्होल्टेजची ठिणगी निरुपद्रवी असते असा तोवर समज होता. त्यानंतरच्या संशोधनातूनच 'इंट्रिन्सिकली सेफ' उपकरणांची कल्पना पुढे आली: सर्किटच असं आखायचं की काहीही बिघडलं तरी वायू पेटवण्याइतकी ऊर्जा बाहेर पडूच नये. आज रसायन कारखान्यातल्या ऑपरेटरच्या हातातला गॅस डिटेक्टर याच तत्त्वावर बनतो. एका खिशात तो काटेकोर डिटेक्टर आणि दुसऱ्या खिशात कुणीही न तपासलेली व्हेप, असा कामगार मग सुरक्षित म्हणायचा की नाही?

आता सर्वांत जड आक्षेप. तो वरवरचा नाही, त्यामागे पुरावा आहे. अमेरिकेच्या एटीएफ या सरकारी संस्थेच्या आग-संशोधकांनी पेटत्या सिगारेटी पेट्रोलच्या पेटण्याजोग्या वाफेत साडेचार हजारांहून अधिक वेळा धरून पाहिल्या, आणि एकदाही वाफ पेटली नाही. सिगारेटचा निखारा सातशे-आठशे अंशांवर असतो, पेट्रोलच्या वाफेचं स्वयंप्रज्वलन तापमान त्याच्या निम्म्याहून कमी, तरीही नाही. कारण निखाऱ्याभोवती राखेचं आवरण असतं, तिथला ऑक्सिजन खर्ची पडलेला असतो आणि वाफ त्याला चाटून क्षणात निघून जाते. पुस्तकात छापलेलं स्वयंप्रज्वलन तापमान बंद, एकसारख्या तापलेल्या भांड्यात मोजलेलं असतं. उघड्यावर, छोट्या पृष्ठभागावर त्याहून बरंच जास्त तापमान लागतं. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं मार्गदर्शन सुमारे दोनशे अंश जास्त असं सांगतं. मग जिथं निखाराही हरला तिथं व्हेपच्या तारेची काय मातब्बरी? उलट सिगारेटसाठी लायटर लागतो, खरा घातक तोच, आणि व्हेपनं तर तो हद्दपारच केला, असंही कुणी म्हणेल.

यातला खरा भाग मान्य करायला हवा. ओली वात असलेल्या, धडधाकट व्हेपचा एखादा झुरका उघड्यावर पेट्रोलची वाफ पेटवेल ही शक्यता कमी आहे. पण या प्रयोगाचा आधार घेताना तो कशावर झाला हेही पाहावं लागतं. तो पेट्रोलवर झाला. हायड्रोजन, ॲसिटिलीन, कार्बन डायसल्फाइड यांना पेटती सिगारेट पेटवू शकते हे आगशास्त्रात परिचित आहे, आणि कारखान्यात शिरणारा माणूस आज कुठल्या वाफेत उभा राहणार आहे याचं वेळापत्रक नसतं. व्हेपच्या तारेला राखेचं आवरण नाही, ती धातूची आहे आणि कोरडी पडली तर निखाऱ्याच्याही पुढं जाते. पण मुख्य मुद्दा तारेचा नाहीच. सिगारेटमध्ये बॅटरी नसते. पेट्रोलच्या वाफेतल्या पेटत्या सिगारेटच्या प्रयोगावरून व्हेपला निर्दोष ठरवणं म्हणजे तिचा अर्धा भागच, आणि तोही कमी धोक्याचा, तपासणं.

बॅटरीच्या भागाबद्दल आकडे बोलके आहेत. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनानं २००९ ते २०१६ या काळातल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या बातम्या गोळा केल्या. १९५ घटना सापडल्या, १३३ जणांना इजा झालेली, त्यातल्या ३८ गंभीर. त्या घटनांची वाटणी पाहण्यासारखी आहे: व्हेप ओढत असताना ६०, व्हेप किंवा तिचा सुटा सेल खिशात असताना ६१, चार्जिंगला लावलेली असताना ४८, नुसती ठेवलेली असताना १८, एक मालवाहतुकीत, आणि सातांचा तपशील उपलब्ध नाही. म्हणजे दर तीनांतल्या जवळजवळ दोन घटनांत कुणी झुरका घेतच नव्हतं. 'ओढू नका' या नियमानं यातल्या फार तर एक तृतीयांश दुर्घटना टळल्या असत्या. बाकीच्या बहुतेक घटनांत हा नियम आपोआपच पाळला गेला होता आणि तरी आग लागली होती. माझ्या मते या एका कोष्टकावर सगळा वाद निकालात निघतो. २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ च्या सुरुवातीला टेक्सासमध्ये व्हेप फुटून माणसं दगावलीही.

सेल फुटतो म्हणजे काय होतं, तेही पाहण्याजोगं आहे. आतले दोन ध्रुव कागदाहून पातळ प्लॅस्टिकच्या पडद्यानं वेगळे ठेवलेले असतात. सेल चेपला, टोकाला नाणं-किल्ली टेकून शॉर्ट झाला, चुकीच्या चार्जरनं जास्त भरला किंवा भट्टीशेजारी तापला की आतल्या रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागतात. एकशे तीस अंशांच्या सुमारास तो पडदा वितळायला लागतो, ध्रुव भिडतात आणि मग क्रिया आवरत नाही. सेल काही सेकंदांत सहाशे अंशांच्या वर जाऊ शकतो. त्यातून हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन वायू बाहेर पडतात, ते पेटतात, आणि नळीसारख्या व्हेपमध्ये सगळा दाब एका टोकानं सुटत असल्यामुळे ती अग्निबाणासारखी उडू शकते. घरी हे घडलं तर मांडी भाजते, गादी जळते. रंगाच्या कारखान्यात, थिनर उडालेल्या कपड्यांतल्या खिशात घडलं तर? तिथं ही आता मिलिज्यूलची गोष्ट राहत नाही. ज्योत, लाल तुकडे आणि वाफ एकाच ठिकाणी येतात. साखरेच्या किंवा पिठाच्या धुळीला वायूपेक्षा पुष्कळ जास्त ऊर्जेची ठिणगी लागते म्हणून तिथं माणसं निर्धास्त असतात. पेटत्या सेलपुढं तोही दिलासा उरत नाही. जॉर्जियातल्या पोर्ट वेंटवर्थ इथल्या साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीच्या स्फोटात १४ जण गेले. तिथं व्हेपचा काही संबंध नव्हता. धूळ किती मोठा स्फोट करू शकते एवढंच त्यातून घ्यायचं.

इथं मोबाइलचा मुद्दा येतोच. त्यातही लिथियम सेल असतो आणि पेट्रोल पंपावर मोबाइलवर बंदी घालून इतकी वर्षं काय साधलं? पंपावरच्या ज्या आगी मोबाइलच्या नावावर खपल्या त्यांत तपासाअंती बहुतेक वेळा अंगावरची स्थिर वीजच दोषी ठरली. हा आक्षेप पंपापुरता रास्त आहे, पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. धोकादायक क्षेत्र म्हणून आखलेल्या भागात साधा मोबाइल आजही नेऊ देत नाहीत. न्यायचाच असेल तर प्रमाणित, महागडा हँडसेट घ्यावा लागतो. ज्या वस्तूत तापणारी तार नाही, जिच्या बॅटरीला संरक्षक सर्किट आहे, जी मानकांनुसार बनलेली आहे, तिला जर फाटकावर अडवलं जातं, तर यांतलं काहीच ज्याच्याबद्दल खात्रीनं सांगता येत नाही अशा व्हेपला कुठल्या न्यायानं सोडायचं?

बरं, मग धोकादायक क्षेत्रात बंदी ठेवा, कार्यालयात किंवा उपाहारगृहात चालू द्या, असा मध्यममार्ग सुचवला जातो. क्षेत्रांची आखणीही तशीच असते: झोन ० म्हणजे जिथं वायू जवळपास कायम असतो, झोन १ म्हणजे नेहमीच्या कामात येऊ शकतो, झोन २ म्हणजे क्वचित आणि थोडा वेळ. पण ही आखणी नेहमीच्या दिवसासाठी असते, आणि मोठे अपघात नेहमीच्या दिवशी होत नाहीत. २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी जयपूरजवळ सीतापुरा इथल्या इंडियन ऑइलच्या टर्मिनलमध्ये पेट्रोल सुमारे सव्वा तास गळत राहिलं. हवेपेक्षा तीन-चार पट जड वाफ जमिनीलगत पसरत गेली, टाक्यांचा परिसर ओलांडून टर्मिनलभर, आणि मग पेटली. ११ जण मृत्युमुखी पडले, आग जवळजवळ अकरा दिवस धुमसत होती. चौकशी समितीनं ठिणगीच्या ज्या शक्यता मांडल्या त्यांत प्रशासकीय इमारतीच्या बाजूची फ्लेमप्रूफ नसलेली विजेची उपकरणं आणि सुरू केलेलं एखादं वाहन होतं. म्हणजे नकाशावर 'सुरक्षित' असलेली जागाच. इंग्लंडमधल्या बन्सफील्ड डेपोत ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे टाकी ओसंडून असाच ढग तयार झाला आणि तो कुंपणाबाहेरच्या व्यावसायिक वसाहतीपर्यंत गेला. गळती सुरू झाली की नियंत्रण कक्षातून वीज तोडता येते, भट्ट्या विझवता येतात, गाड्या थांबवता येतात. ठिणगीचा प्रत्येक ज्ञात स्रोत बंद करण्याची यादी तयार असते. चाळीस खिशांतल्या चाळीस व्हेप त्या यादीत नसतात. म्हणून बंदीची हद्द झोनची रेघ नसून कारखान्याचं कुंपण असायला हवं.

आजवर व्हेपमुळे कुठला कारखाना उडाला ते दाखवा, असं आव्हानही दिलं जातं. मोठ्या स्फोटानंतर ठिणगीचा उगम बहुतेकदा तर्कानंच ठरवावा लागतो. जयपूरमध्ये मोठाली उपकरणं आणि वाहनं समोर असूनही शक्यतांवर थांबावं लागलं. बोटाएवढी वस्तू अशा राखेत कोण शोधणार? आणि या क्षेत्रातला कुठलाच चांगला नियम मृतांची संख्या मोजून झाल्यावर करायचा नसतो. सवयीची चाल इथं फसवी असते. झोन २ मध्ये शंभरदा व्हेप ओढून काही झालं नाही, तर माणूस शिकतो की इथं काही होत नाही. खरं तर त्या शंभर वेळी तिथं वायू नव्हता, एवढंच.

भारतात हा प्रश्नच कुठे येतो, इथं ई-सिगारेटवर बंदी आहे, असंही म्हटलं जाईल. बंदी आहे खरी. सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश निघाला आणि वर्षअखेरीस कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठवण यांना शिक्षा आहे: पहिल्या विक्रीच्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढणाऱ्यासाठी मात्र वेगळं दंडाचं कलम त्यात नाही. आणि बंदीनंतर जी व्हेप मिळते ती चोरट्या वाटेनं आलेली असते, म्हणजे तिच्या सेलची कसली तपासणी झाली याला काडीचा पुरावा नसतो. कारखान्याच्या दृष्टीनं बंदीचा आणखी एक परिणाम होतो: वस्तू लपते. बिडी वासानं पकडली जाते. व्हेप पेनसारखी, पेनड्राइव्हसारखी दिसते, तिचा वास फळांचा असतो आणि तोही मिनिटभरात विरतो. झडती घेणाऱ्या रक्षकाला काय शोधायचं तेच माहीत नसतं. लपूनछपून ओढण्यातून काय होतं याचं उदाहरण विमानातलं आहे. जुलै २०१८ मध्ये हाँगकाँगहून दालियानला निघालेल्या एअर चायनाच्या विमानात सहवैमानिक कॉकपिटमध्ये व्हेप ओढत होता. वाफ प्रवाशांकडे जाऊ नये म्हणून तो एक पंखा बंद करायला गेला आणि चुकून शेजारची वातानुकूलन यंत्रणा बंद केली. केबिनमधला दाब घसरला, ऑक्सिजनचे मास्क खाली आले आणि पस्तीस हजार फुटांवरचं विमान दहा हजार फुटांपर्यंत तातडीनं खाली आणावं लागलं. प्लान्टमध्ये लपणारा माणूसही अशाच जागा शोधतो: केबल रूम, पंपामागची खबदाड, टाकीआडचा कोपरा. जिथं कुणी येत नाही तिथं हवाही खेळत नाही, आणि गळती साचते ती तिथंच.

एवढ्या कडक नियमानं लोक अधिकच लपवतील, हा त्यावरचा प्रतिप्रश्न योग्य आहे. नुसती झडती वाढवून हे सुटणार नाही. अमेरिकेत भूमिगत कोळसाखाणीत सिगारेट, आगपेटी, लायटर नेण्यालाच कायद्यानं मनाई आहे आणि झडतीही बंधनकारक आहे. तरी १९९२ च्या डिसेंबरात व्हर्जिनियातल्या साउथमाउंटन खाणीत आठ कामगार मेले आणि तपासाचा निष्कर्ष होता, की मिथेन पेटला तो सिगारेटच्या लायटरनं. कागदावरचा नियम आणि रोजची झडती यांत अंतर पडलं की असं होतं. निकोटिनची तलफ बारा तासांच्या शिफ्टमध्ये दाबून ठेवता येत नाही, हे व्यवस्थापनानं मान्य केलं पाहिजे. खाणकामगार आणि गिरणी कामगार पूर्वी तंबाखू मळून खायचे, त्यामागं हेही एक कारण होतं (तोंडाच्या कर्करोगाचा हिशेब त्यांनी वेगळा चुकवला, त्यामुळे तो मार्ग सुचवण्याजोगा नाही). निकोटिनचं च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतं. कारखान्याच्या डॉक्टरांनी ते सल्ल्यासह उपलब्ध करून देणं झडतीच्या यंत्रापेक्षा स्वस्त पडेल. टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या छोट्या सुरक्षा-बैठकीत, व्हेपचं नाव घेऊन, ती हातात धरून दाखवून बोलावं. शटडाउनच्या काळात एकदम येणारे शेकडो कंत्राटी कामगार आणि लोडिंग गॅन्ट्रीखाली रांगेत उभे राहणारे टँकरचालक या दोघांपर्यंत हे बोलणं सगळ्यात उशिरा पोचतं, तिथून सुरुवात करावी. टँकरच्या केबिनमध्ये चार्जिंगला लावलेली व्हेप आणि मागं हजारो लिटर पेट्रोल यांच्यामध्ये काही फुटांचंच अंतर असतं.

रुग्णालयं आणि घरी ऑक्सिजन घेणारे रुग्णही या चर्चेत येतात, थोडक्यातच सांगतो. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण तो हवेत चार-पाच टक्के वाढला तरी कपडे, गादी, केस विलक्षण वेगानं जळतात. ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णाच्या खोलीत व्हेप चार्जिंगला लावण्याइतका मोठा धोका घरात दुसरा क्वचितच असेल. इंग्लंडमध्ये मर्सीसाइड भागात २०१४ साली अशाच आगीत एक रुग्ण गेला.

अशा ठिकाणी तुम्ही काम करत असाल आणि व्हेप वापरत असाल, तर ती घरीच ठेवा. चुकून आत आलीच, तर ती स्वच्छतागृहात, थिनरच्या चिंध्यांच्या डब्यात किंवा भंगारात टाकू नका. चेपलेला सेल काही तासांनंतरही पेट घेतो आणि तेव्हा त्याच्याजवळ कुणीच नसतं. जिथं आहात तिथंच ती न दाबता, न ओढता, थेट शिफ्ट इनचार्जकडे द्या. आणि शिफ्ट इनचार्जनं त्या दिवशी मेमो काढण्याआधी ती कुंपणाबाहेर, उन्हापासून दूर, धातूच्या डब्यात ठेवण्याची व्यवस्था करावी.